गोळी झाडण्याआधी ओझं मोज

फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

एल्क हरणाच्या मादीच्या शिकारीचा परवाना लागला आणि मैत्रिणीचं येणं रद्द झालं तरी तू एकटीच जाणार, हे फोनवर ऐकल्यावर तुझी आई मला हातानं खुणावत होती, की नाही म्हण. मी नाही म्हटलं नाही. माझ्या गुडघ्यांना आता गनिसनच्या डोंगरातल्या चढणी झेपत नाहीत, आणि म्हणून तुझा सीझन का बुडावा? फोनवर मात्र घाईत बोलणं झालं, म्हणून हे पत्र. नेमाबद्दल काही लिहीत नाही, तो तुझा माझ्यापेक्षा बरा आहे. जनावर आडवं झाल्यावरचं लिहितो.

आधी हिशेब. मादी जिवंतपणी साधारण २२५ किलोची. हाडं मागे ठेवली तरी नुसतं मांस ६५ ते ७५ किलो निघतं. तू स्वतः ५५ किलोची. पाठीवर २३-२५ किलो मांस, त्यावर रायफल, पाणी, गरम कपडे. म्हणजे तीन खेपा, आणि पाय बोलायला लागले की चार. गाडीपासून ४ किलोमीटरवर पाडलंस तर तीन खेपांना भरल्या पाठीनं १२ आणि रिकाम्या पाठीनं ८, असे २० किलोमीटर होतात. चार खेपांचे २८. आणि हे सगळं ३,००० मीटर उंचीवर. आपण दोघं जायचो तेव्हा हा हिशेब मी मनातल्या मनात करायचो, तुला कधी ऐकू आला नसेल. आता तो तुझा तू करायचा, आणि गोळी झाडायच्या आधी करायचा. कळप दिसला की तू वारा बघतेस, अंतर बघतेस; तशीच तिथून गाडीपर्यंतची वाट बघ. मध्ये खोल घळ असेल, पडलेल्या झाडांचा पसारा असेल, तर जनावर कितीही जवळ उभं असलं तरी दुर्बिणीतून बघून घे आणि सोड. दुपारी तीननंतर गाडीपासून लांब असशील तरीही सोड. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी झाडायला कायद्याची हरकत नाही, पण मग अंधारात मांस कापायला कायदा येत नाही.

पडलं, की मागच्या बाजूनं जा, काठीनं डोळ्याला स्पर्श करून खात्री कर, रायफलचं चेंबर रिकामं कर. मग परवान्याचा टॅग. सही, तारीख, फाडून वेगळा. हे जागच्या जागी, सुरी काढायच्या आधी. मला उपग्रहावरून निरोप टाक आणि जीपीएसवर खूण कर. शेजारच्या झाडाला नारिंगी फीत बांध. अंधारात परत आल्यावर सगळी झाडं सारखीच दिसतात.

आता कापायचं. साताऱ्याच्या मटणाच्या दुकानात तुझे आजोबा बोकड आकड्याला उलटं टांगायचे. वजन खाली ओढायचं, कातडं ताणलं जायचं, आणि पाय धरायला मी होतोच. तुला यातलं काहीच मिळणार नाही. एवढं जनावर एकट्याला टांगता येत नाही आणि पाय धरायला कोणी नाही. म्हणून दोरी. पातळ पण मजबूत, १५ मीटर तरी. आधी धड वरच्या बाजूच्या झाडाला बांध, उतारावर ते सोलता सोलता घसरतं. मग वरचा मागचा पाय ताणून दुसऱ्या झाडाला बांध. ज्याला एकट्यानं हे काम करायचंय त्याच्याकडे सुरीपेक्षा दोरी चांगली हवी, असं माझं मत आहे. लोक सुरीवर दोनशे डॉलर घालवतात आणि दोरी घरीच विसरतात.

पोट फाडू नकोस. मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवरून कातडीला चीर दे आणि ती खाली पोटाकडे सोलत ने. धार आतून बाहेर ठेवलीस की केस कापले जाऊन मांसावर येत नाहीत. सोललेली कातडी जमिनीवर पसरली की तीच तुझी चटई. पुढचा फरा सगळ्यात सोपा. तो धडाला हाडानं जोडलेलाच नसतो, खांद्याचं पातं आणि बरगड्या यांच्यामधून सुरी फिरवली की सुटून हातात येतो. मागच्या मांडीला वेळ लागेल. कमरेच्या हाडाला टेकवून सुरी चालव, हाड सांगेल तसं वळत जा, खुब्याची वाटी सापडली की आतला जाड स्नायुबंध तोड. आजोबा म्हणायचे, हाडाशी भांडू नये, सांधा शोधावा. दुकानात सत्तूर होता तरी ते असं म्हणायचे. तुझ्याकडे सत्तूरही नाही आणि करवत मी मुद्दाम देत नाही. मणक्याला हात लावायचा नाही, का ते पुढे सांगतो.

मग पाठीचे दोन लांब पट्टे, मानेचं मांस. एका बाजूचे पाय निघाले की धड हलकं होतं. उरलेले पाय धरून ते उलटव, पुन्हा बांध, पुन्हा तेच. शेवटच्या बरगडीमागे छोटी चीर देऊन हात आत घाल, पोट खाली दाब आणि कण्याच्या आतल्या बाजूचे दोन मऊ पट्टे काढ. हे फार उशिरा करू नकोस, पोट फुगत जातं आणि मग हात जात नाही. चार पाय, पाठीचे पट्टे आणि हे आतले पट्टे, एवढं मांस कोलोरॅडोत सोडून येता येत नाही, तो गुन्हा आहे. आणि एका मांडीला कासेचा भाग लागलेला राहू दे. नर की मादी हे शिकार तपासणाऱ्या वॉर्डनला त्यावरून कळायला हवं. सुटा तुकडा पिशवीत टाकून चालत नाही.

बदलत्या पात्याची सुरी तू घेतली आहेस. धारदार आहे, पण पातं बदलताना बोट जातं आणि सांध्यात पिळलं की तुटून मांसात राहतं. सांध्याला जाड पात्याची सुरी वापर. सुरी कधी स्वतःच्या मांडीकडे ओढायची नाही. डाव्या हातात सुरीनं न कापला जाणारा हातमोजा, आणि टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा, बॅगेच्या तळाशी नको, छातीच्या खिशात. हात गार पडले की थांब, काहीतरी गोड खा. अर्ध्या तासानं मांस कुठे जात नाही.

मांस खराब होतं ते उबेनं. जनावराचं अंग आपल्यापेक्षा थोडं गरमच असतं, आणि त्या जाड कातडीखाली, मांडीच्या हाडाजवळ, बाहेर बर्फ असला तरी तास न् तास ऊब टिकते. तिथूनच ते आंबायला लागतं. म्हणून एकटी असताना मी म्हणेन, हाडं तिथेच काढ. काही जण हाडासकट मांडी नेतात, तिला आकार राहतो, बांधायला बरी पडते. दोघं असताना मीही तेच करतो. पण तुला ते चार-पाच किलोंचं हाड एका मांडीमागे वाहून कशाला हवं? मांस जाळीदार कापडी पिशव्यांत भर, प्लॅस्टिकमध्ये अजिबात नको, आणि उत्तरेकडच्या सावलीत फांदीला टांग. धडापासून शंभर मीटर तरी लांब, आणि दुरून दिसेल अशा जागी.

दुरून दिसायला हवं ते अस्वलासाठी. कोलोरॅडोत ग्रिझली आता नाहीत, शेवटचं माहीत असलेलं १९७९ मध्ये मारलं गेलं. काळी अस्वलं मात्र आहेत आणि ऑक्टोबरात ती झोपायच्या आधीची भूक घेऊन फिरत असतात. परत येताना मोठ्यानं बोलत ये. दोनशे पावलं आधी थांबून दुर्बीण लाव. अस्वल पिशव्यांवर बसलेलं असेल तर मांस त्याचं. त्यावर वाद घालायचा नाही.

ओझं खांद्यांच्या पात्यांजवळ, उंच बांध. दोन काठ्या घे. उतारावर त्या नसतील तर माझ्यासारखे गुडघे होतील. तुझं नारिंगी जाकीट बॅगेखाली झाकलं जातं, म्हणून बॅगेवरही नारिंगी कापड बांध. तपकिरी ओझं वाहत झाडीतून चालणारा माणूस दुसऱ्या शिकाऱ्याला काय दिसेल, विचार कर. पहिली खेप सगळ्यात जड घे, तेव्हा तू ताजी असतेस. शेवटची खेप अंधारात पडत असेल तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री तापमान बहुधा शून्याखाली जातं, टांगलेलं मांस नीट राहतं.

मणक्याचं राहिलं. हरणांचा तो झिजून मारणारा आजार, सीडब्ल्यूडी, पहिल्यांदा लक्षात आला तो याच गावात, १९६७ साली, संशोधनासाठी पाळलेल्या हरणांत. तो माणसाला झाल्याचं आजवर दिसलेलं नाही, तरी आजारी निघालेलं जनावर खाऊ नये असंच सांगतात. मेंदू आणि मज्जारज्जू यांत त्याचा अंश जास्त असतो, म्हणून करवत नको. तुझ्या शिकारीच्या युनिटात, म्हणजे परवान्यावरच्या भागात, यंदा चाचणी सक्तीची आहे का ते आधी बघ. असेल तर डोकं खाली आणावं लागेल, म्हणजे आणखी एक ओझं, आणि वरचा सगळा हिशेब बदलला. निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेव, नाव-तारीख लिहून.

साताऱ्याहून काका विचारत होता, पोरीला पोलीस धरणार नाहीत ना? त्याच्या डोक्यात १९७२ चा आपला वन्यजीव कायदा. मी म्हटलं, इथे वन्यजीव खातं बरंचसं परवान्याच्या पैशांवर चालतं. त्याला पटलं नाही, पण मटण कधी पाठवतेस असंही विचारलं त्यानं.

निघायच्या आदल्या दिवशी मला तीन गोष्टी लिहून पाठव: गाडी कुठल्या ट्रेलहेडला, म्हणजे पायवाट सुरू होते तिथे, उभी असेल, किल्ली गाडीत कुठे ठेवशील, आणि रात्री किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर मी गनिसनच्या शेरीफला फोन करायचा. वेळ तू ठरव. ती टळली तर मी पाच मिनिटंही वाट बघणार नाही, मग नंतर चिडू नकोस.

तुझे
बाबा