मेदविघटन रोखण्याची दुसरी बाजू

रविवारच्या आरोग्य पुरवणीतील, पेशींमधील मेदाचे विघटन रोखले की शरीरातील दाह शमतो असे सुचविणारा लेख वाचला. त्यातील माहिती चुकीची नाही, पण अर्धीच आहे.

मॅक्रोफेज या भक्षक पेशी जंतूंशी सामना करताना आपल्या मेदथेंबांतील ट्रायग्लिसराइड, म्हणजे साठवलेला मेद, 'एटीजीएल' या विकराच्या, म्हणजेच एन्झाइमच्या, साहाय्याने फोडतात. त्यातून सुटणाऱ्या ॲराकिडॉनिक आम्ल या मेदाम्लापासून प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे संदेशवाहक रसायन तयार होते आणि दाहाला चालना मिळते. प्रयोगशाळेत हे विकर रोखल्यावर प्रोस्टाग्लँडिन आणि दाह वाढविणारे प्रथिन इंटरल्यूकिन-६ घटलेले दिसले, हे खरे. परंतु २००४ साली ओळखले गेलेले हे विकर केवळ भक्षक पेशींत नसते, हृदयाच्या स्नायूंनाही त्याची गरज असते. हे विकर जन्मतःच नसलेले उंदीर हृदयात मेद साठून अकाली मरतात, आणि जिवाणूंचे विष टोचल्यास त्यांच्या यकृतातील दाह उलट अधिक भडकतो. माणसांतही या विकराच्या जनुकातील दोषामुळे स्नायू दुबळे होतात, काहींचे हृदयही.

आमच्या सोलापुरात यंत्रमागावर वर्षानुवर्षे उभे राहून सांधे धरलेले अनेक कामगार आहेत. सूज उतरविणारे म्हणून कोणी काहीही दिले तरी ते आशेने घेतात, हे पाहून जीव तुटतो. एटीजीएल रोखणारे कोणतेही औषध माणसांच्या उपचारासाठी अद्याप मान्य झालेले नाही, एवढे एक वाक्य पुढील पुरवणीत ठळकपणे छापावे, ही विनंती.

– जीवरसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, सोलापूर