झेरॉक्सच्या दुकानातल्या ताईंचे आभार

ऑनलाइन पदविकेची स्वाध्यायपुस्तिका रात्री 11.59 पर्यंत अपलोड करायची होती. हस्तलिखित 14 पानं, फाइलची मर्यादा 2 एमबी. मोबाइलच्या फोटोंची पीडीएफ झाली 50 एमबीच्या वर, त्यात चार पानं आडवी. फोन सपाट धरून वरून फोटो काढला की उभं-आडवं त्याला नीट कळत नाही, त्यामुळे असं होतं.

नऊ वाजता बसस्थानकासमोरच्या दुकानातल्या ताई शटर ओढत होत्या. त्यांनी ते अर्धं वर केलं. फोटो दाबून लहान केले तर अक्षर फुटेल, म्हणाल्या, आणि सगळी पानं नव्याने स्कॅन करायला घेतली. रंगीतऐवजी ग्रेस्केल (फक्त काळ्या-करड्या छटा), 300 ऐवजी 150 डीपीआय (दर इंचातले ठिपके). तेवढ्यावरही शाईचं अक्षर स्वच्छ वाचता येतं. पाठपोट लिहिल्यामुळे मागची शाई पुढे उमटत होती, तर त्यांनी प्रत्येक पानामागे काळा कार्डशीट ठेवला. काचेवरचा एक डाग चौदाही पानांवर ठिपका होऊन आला असता. तो आधीच कोरड्या फडक्याने पुसला. फाइल भरली 1.8 एमबी. नावातली मराठी अक्षरं नि मोकळ्या जागा काढून फक्त नोंदणी क्रमांक ठेवला.

मग खुर्ची सोडून म्हणाल्या, "काका, आता माउस तुम्ही घ्या. पुढच्या वेळी घरूनच जमेल." मी अडखळत क्लिक करत होतो, त्या मागे उभ्या होत्या, एकदाही हात पुढे केला नाही. पोचपावतीचं पान मात्र आठवणीने छापून दिलं.

ताई, मनापासून आभार. दुसरी पुस्तिका परवा घरूनच पाठवली.