न्यायाधीश होणाऱ्या लेकीस

जुने नाशिक

प्रिय बेटा,

उत्तनच्या न्यायिक अकादमीतलं प्रशिक्षण संपत आलं. आता तू दिवाणी न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसशील. चौक मंडईत भेटेल तो मुबारकबाद देतो, मीही मिठाई वाटली. पण आपल्या दीनमध्ये या खुर्चीकडे कुणी नुसत्या आनंदानं पाहिलेलं नाही.

हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या (स.) वचनांत आहे, ज्याला काझी म्हणजे न्यायाधीश नेमलं तो सुरीशिवायच जिबह झाला, त्याचा गळाच चिरला गेला. आणखी एक हदीस आहे. काझी तीन तऱ्हेचे, एक जन्नतमध्ये आणि दोन आगीत. सत्य ओळखून तसाच निकाल देणारा तरतो. सत्य कळूनही उलटा निकाल देणारा बुडतो. आणि काही न जाणता निवाडा करणाराही बुडतो. या तिसऱ्याचीच मला जास्त भीती वाटते, कारण त्याची नियत वाईट असेलच असं नाही. कागद न वाचता निकाल लिहिला, एवढंही पुरतं.

ज्यांच्या नावानं आपला हनफी पंथ चालतो त्या इमाम अबू हनीफांनी खलीफा मन्सूरनं देऊ केलेलं काझीपद नाकारलं आणि त्यापायी कैद सोसली. हिजरी 150, म्हणजे इ.स. 767 मध्ये बगदादला त्यांचा इंतकाल झाला. त्यांचेच शागीर्द अबू यूसुफ पुढे हारून रशीदच्या काळात मुख्य काझी झाले. आपण दोघांनाही मानतो. तू शागीर्दाची वाट धरलीस, उस्तादांची धास्ती मात्र सोबत राहू दे.

बाईनं निवाडा कसा करावा, असं कोणी नातेवाईक विचारतीलच. हनफी फिकहनं, म्हणजे धर्मशास्त्रानं, हुदूद (ठरलेल्या शिक्षांचे गुन्हे) आणि किसास (खून-जखमेचा बदला) सोडून बाकी बाबतींत स्त्रीचा निवाडा मान्य केला आहे. फातिमा बीवी 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्या. त्या वादात तू पडू नकोस.

तुझा निकाल देशाच्या कायद्यानंच होणार. मी सांगतोय तो काझीचा अदब, म्हणजे वागण्याची रीत. हजरत अली तरुणपणी काझी म्हणून यमनला निघाले, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना बजावलं की दोघं समोर बसले की दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय निकाल देऊ नकोस. ऐकायला सोपं आहे. पण कोर्टात नोकरी केलेला माणूस म्हणून सांगतो, पहिला बोलून थांबला की ऐकणाऱ्याच्या मनात निकाल अर्धा तयार झालेला असतो. त्यात एका बाजूला नावाजलेला वकील आणि दुसऱ्या बाजूला खेड्यातून पहिल्या एसटीनं आलेली, बोलताना अडखळणारी म्हातारी. खुद्द पैगंबर (स.) म्हणाले होते की मीही माणूस आहे, तुमच्यातला एखादा बोलण्यात जास्त चतुर असेल आणि त्याचं ऐकून मी त्याच्या भावाचा हक्क त्याला देऊन बसेन, तर तो आगीचा तुकडा समजावा. त्यांनी हे म्हटलं, मग आपण कोण? त्या म्हातारीला थोडा जास्त वेळ दे बेटा. कायदा त्याला अडवत नाही.

रागात निकाल देऊ नये, असंही हदीसमध्ये आहे. फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांनी, त्यात भूक, तहान, झोपही धरली. तेव्हा बोर्ड, म्हणजे दिवसाच्या खटल्यांची यादी, कितीही मोठा असो, दुपारचा डबा टाळू नकोस. जिवापाड अभ्यास करूनही चूक झाली तर काझीला एक सवाब (पुण्य) आहे, बरोबर आलं तर दोन. म्हणून घाबरून तारखांवर तारखा देत बसू नकोस.

आमची काळजी करू नकोस. 'लेकीला जरा सांगा' म्हणत कोणी फाईल घेऊन आलाच, तर चहासुद्धा न देता परत पाठवीन. अम्मीलाही बजावलं आहे की तुझ्या नावानं आलेला आंब्याचा एक करंडाही घरात घ्यायचा नाही.

तुझे अब्बा