लोखंड पांघरणारी गोगलगाय

वेंगुर्ले
२१ ऑगस्ट

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "समुद्राच्या तळाशी खाण काढली तर कोणाचं काय जातंय? तिथं ना झाड, ना घर, ना माणूस." मी तेव्हा गप्प बसलो, पण रात्री झोप येईना. तुझं आयुष्य खाणीच्या कामात गेलं, दगड तुला माझ्यापेक्षा जास्त कळतो. मी मुलांना जीवशास्त्र शिकवत आलो. तेव्हा त्या दगडावर राहतं कोण, ते माझ्याकडून ऐक.

१९७७ च्या फेब्रुवारीत गॅलापागोस बेटांजवळ 'अल्विन' नावाची पाणबुडी अडीच किलोमीटर खाली उतरली. आत तिघंच. समुद्राचा तळ जिथं फाटत जातो तिथं गरम पाण्याचे झरे असणार, ते शोधायला ही मंडळी निघाली होती. सगळी भूशास्त्राची माणसं, जहाजावर जीवशास्त्रज्ञ एकही नाही! झरे मिळाले, आणि त्यांच्याभोवती वीतवीतभर पांढऱ्या शिंपल्या, शिनाणे, खेकडे यांची दाटी. पाणबुडीतून जॅक कॉर्लिस या भूशास्त्रज्ञानं वर जहाजावर विचारलं की खोल समुद्र वाळवंटासारखा असतो ना, मग इथं एवढे प्राणी कसे? नमुने टिकवायला पुरेसं रसायनही बरोबर नव्हतं. काही नमुने चक्क पनामात घेतलेल्या रशियन व्होडकात बुडवून आणले.

तिथल्या पाण्याच्या बाटल्या जहाजावर उघडल्या तर कुजक्या अंड्यांचा वास सुटला. तो वास आपल्या ओळखीचा आहे. तिसऱ्या काढायला खाडीच्या काळ्या चिखलात पाय घातला की यायचा, तोच. हायड्रोजन सल्फाइड. आपल्याला विष, आणि तिथल्या सगळ्या वस्तीचं अन्न त्यातून तयार होतं.

समुद्राचं पाणी तळाच्या भेगांतून आत मुरतं, खालच्या तप्त खडकाजवळ तापतं, वाटेत लोखंड, तांबं, जस्त विरघळवून घेतं आणि उसळून वर येतं. वरचं पाणी दोनेक अंशांचं, बर्फगार. दोन्ही भेटली की धातूंची सल्फाइडं काळ्या धुरासारखी बाहेर पडतात आणि साठत साठत धुराडी उभी राहतात. १९७९ मध्ये मेक्सिकोजवळ अशी काळी धुराडी पहिल्यांदा दिसली, तेव्हा तापमान मोजायच्या दांडीचं प्लास्टिकच वितळलं. साडेतीनशे अंशांच्या वरचं पाणी, पण डोक्यावरच्या दाबामुळे ते उकळत नाही.

तिथले नळीत राहणारे किडे माणसाच्या उंचीचे होतात. लालभडक तुरा, पण तोंड नाही, आतडंही नाही. मग खातात काय? हे कोडं सोडवणारी कॉलीन कॅव्हानॉ तेव्हा हार्वर्डमध्ये शिकत होती. १९८० मध्ये एका व्याख्यानात तिनं ऐकलं की या किड्याच्या अंगात गंधकाचे स्फटिक सापडलेत. ती जागेवरच उठून म्हणाली की मग याच्या आत गंधकावर जगणारे जिवाणू असलेच पाहिजेत. आणि होतेच, कोट्यवधी. किड्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू आणि सल्फाइड, दोन्ही वाहून त्यांच्यापर्यंत पोचवतं आणि ते त्याला पोसतात. हे मुलांना सांगताना आजही माझा आवाज चढतो. तो प्राणवायू मात्र वरून, उन्हात वाढणाऱ्या वनस्पतींनी तयार केलेला असतो. सूर्याशी नातं तिथंही पुरतं तुटलेलं नाही.

आता आपल्या हिंदी महासागराकडे ये. मॉरिशसच्या आग्नेयेला 'कैरेई' नावाचं धुराड्यांचं क्षेत्र जपानी शास्त्रज्ञांना २००० साली सापडलं. पुढच्याच वर्षी तिथं एक गोगलगाय मिळाली. तिच्या पायावर खवले आहेत, आणि त्या खवल्यांवर लोखंडाच्या सल्फाइडाचा थर आहे! पायराइट आणि ग्रेगाइट. ग्रेगाइटमुळे ती चुंबकाला चिकटते. लोखंडाचं असं चिलखत घालणारा दुसरा प्राणी मला माहीत नाही. दुसऱ्या एका क्षेत्रात हीच गोगलगाय पांढरी आहे, कारण तिथल्या पाण्यात लोखंड कमी. साऱ्या जगात ती हिंदी महासागरातल्या मोजक्या धुराड्यांवरच राहते. २०१९ मध्ये ती संकटग्रस्तांच्या लाल यादीत गेली, आणि खोल समुद्रातल्या खाणकामाच्या भीतीनं त्या यादीत गेलेली ती पहिली.

याच महासागराच्या डोंगररांगांत दहा हजार चौरस किलोमीटर भागात धातूंची सल्फाइडं शोधायचा करार भारतानं २०१६ मध्ये केला. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या आणि चेन्नईच्या सागरी तंत्रज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी साडेचार हजार मीटर खोल एका जिवंत धुराड्याची छायाचित्रं घेतली. ती बातमी वाचून मला भरून आलं. आपल्या माणसांनी ते पाहिलं! हा करार शोधाचा आहे, खणण्याचा नाही, हे मला कळतं. पण शोधाच्या पाठोपाठ काय येतं ते तुला सांगायला नको.

तू म्हणशील, धुराडी तशीही आपोआप विझतातच. विझतात, खरंय. गॅलापागोसजवळ 'रोझ गार्डन' नावाची भरगच्च वस्ती १९७९ मध्ये सापडली होती. २००२ मध्ये शास्त्रज्ञ परत गेले तर तिथं नुसता ताजा लाव्हा. थोड्या अंतरावर मात्र नवे झरे होते आणि त्यांच्यावर इवलेइवले किडे रुजत होते. पिल्लं पाण्यातून तरंगत जातात आणि नवं धुराडं गाठतात. पण ती पूर्व प्रशांतातली गोष्ट. तिथं तळ वेगानं फाटतो, झरे जवळजवळ आहेत. आपल्याकडच्या रांगा सावकाश फाटतात, धुराडी विरळ आहेत आणि एकेक फार काळ टिकतं. त्यातलं एक गेलं तर पिल्लांना पुढचं घर किती लांब पडेल, याचा विचार कर. विझलेल्या धुराड्यांपुरतंच खणू म्हणणारेही आहेत. पण खणताना उठलेला गाळ शेजारच्या जिवंत धुराड्यावर बसला तर? रेडीच्या खाणीची लाल धूळ कुठवर जाऊन बसायची, ते आपण दोघांनी लहानपणी पाहिलंय.

मला तुझ्याशी भांडायचं नाही. खाणीवर कितीजणांची चूल पेटते हे मी जाणतो, आणि तांबं, जस्त मलाही लागतं. पण तुझ्या ऑफिसात या विषयावर बैठक होईल तेव्हा या गोगलगाईचं नाव कोणीतरी काढावं, आणि ते तू काढावंस असं मला मनापासून वाटतं.

तू नोकरीच्या पहिल्या वर्षी दिलेला पायराइटचा खडा अजून माझ्या टेबलावर आहे. चतुर्थीला येशील तेव्हा तो हातात घेऊन गोगलगाईचे फोटो बघू. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या