न घेतलेल्या लाल गाडीबद्दल थँक्यू, काका

काका,

तुम्ही हे स्वतःहून वाचणार नाही हे मला माहितीये, मोबाइलवर तुम्ही फक्त फोन घेता आणि गाड्यांचे कोड वाचता, पण तुमची पुतणी वाचून दाखवेल म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण समोरासमोर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "बरं बरं" करून कुठल्या तरी बॉनेटमध्ये डोकं घालता. गाडी तपासायचे पैसे घेतले नाहीत तेव्हाच ठरवलं होतं की हा हिशोब कुठेतरी चुकता करायचा, तर हा घ्या.

आधी माझी लाज सांगते, ती तुम्हालाही माहिती नाही. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन एक पेपर लिहिला, पुढे २००१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. मुद्दा साधा आहे, विकणाऱ्याला गाडीची खोड माहिती असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधलाच भाव देतो, मग चांगल्या गाडीवाले म्हणतात नकोच विकायला, आणि बाजारात उरतो तो खटारा. हे मी दर वर्षी फळ्यावर बाण काढून शिकवते. आणि स्वतः सेकंड हॅन्ड गाडी बघायला गेले तेव्हा मी काय तपासलं, तर म्युझिक सिस्टीम आणि डिकीत किती बॅगा मावतात ते!

ती लाल गाडी. अजून रस्त्यात तसल्या रंगाची दिसली की मान वळते. मीटरवर फक्त अडतीस हजार किलोमीटर, आत मस्त वास, सीटकव्हर नवीन. मैत्रिणींनी बजावलं होतं की तुला गाड्यांतलं कळतं असं दाखव, नाहीतर चुना लावतील, म्हणून मी टॉर्क, मायलेज, पिकअप असे शब्द पाठ करून गेले होते. मी टॉर्क म्हटलं आणि तो विकणारा इतका गोड हसला की मला तेव्हाच कळायला हवं होतं. टोकन देणारच होते, पण तुमची पुतणी म्हणाली थांब, काकांना एकदा विचारू.

तुम्ही आलात, गाडीकडे बघितलंही नाहीत, आधी बॉनेटवर हात ठेवलात. गरम होतं. म्हणालात, "ही आमच्यासाठी आधीच चालू करून ठेवलीये, उद्या येऊ." मला वाटलं एवढ्याशा गोष्टीसाठी परत यायचं? तर म्हणे गरम इंजिन सगळं झाकतं, खरं काय ते रात्रभर उभी राहिलेली गाडी पहिल्यांदा चालू केली की दिसतं. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेच्या तासभर आधी आपण हजर, आणि मला मागे सायलेन्सरपाशी उभं केलंत. किल्ली फिरली आणि निळसर धुराचा एक भपका आला, दोन-चार सेकंदच, मग काहीच नाही. मी एकटी असते तर जुन्या गाडीचं चालायचंच म्हणून सोडून दिलं असतं. तुम्ही तिथेच सांगितलंत की निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, रात्रभर व्हॉल्व्हच्या सीलमधून तेल झिरपून आत उतरत असणार. पांढरा दाट धूर येत राहिला तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत जात असू शकतं, काळा असला तर पेट्रोल जास्त जळतंय, आणि थंडीत सकाळी येणारी पांढरी वाफ ही नुसती वाफ असते, तिला बघून पळत सुटू नकोस.

मग तुम्ही तो रंगाची जाडी मोजायचा छोटासा मीटर काढलात. दारांवर एकशे दहा, एकशे वीस मायक्रॉन, कंपनीचा रंग साधारण एवढाच असतो म्हणालात, आणि उजव्या बाजूला मागच्या चाकाच्या वर एकदम सहाशेच्या पुढे. म्हणजे खाली खड्डा भरायची पुट्टी. मला काचा बघायला लावल्यात, प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ती कधी बनली याची खूण असते, बाकी सगळ्या एका वर्षाच्या आणि नेमकी उजवीकडची मागची वेगळ्या वर्षाची. मला तर हे जासूसगिरीसारखं वाटायला लागलं होतं, मी खूश होऊन "पकडलं!" म्हणाले तर तुम्ही मलाच गप्प केलंत. "ठोकलेली गाडी वाईट नसते गं पोरी, नीट दुरुस्त केली असेल तर चालते वर्षानुवर्षं. पण यांनी सांगितलं होतं का तुला?" नव्हतं सांगितलं. उलट "एक ओरखडा नाही मॅडम" म्हणाला होता.

आणि तो अडतीस हजाराचा मीटर, तो मागे फिरवलेला असावा. ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरचं रबर पार गुळगुळीत, स्टिअरिंगचं वरचं कातडं चकचकीत झालेलं, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसलेली (कव्हर उचलल्यावर दिसली, नवीन कव्हर का घातलं होतं ते पण कळलं). सर्व्हिसची बिलं मागितली, त्यावर प्रत्येक वेळचं रनिंग लिहिलेलं असतं, तर बिलं "घर बदलताना हरवली".

पण मला सगळ्यात भारी वाटलं ते स्कॅनरचं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला ते डबडं लावलंत, मोबाइलवर आलं की एकही फॉल्ट कोड नाही, म्हणजे गाडीने स्वतः नोंदवलेला एकही बिघाड नाही. तो विकणारा लगेच "बघा!" आणि मी पण मनातल्या मनात बघा. तुम्ही पुढचं पान उघडलंत. गाडी चालता चालता स्वतःच्याच काही तपासण्या करत असते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर वगैरेच्या, आणि कोणी कोड पुसले की या तपासण्यांची पाटी पण कोरी होते, ती भरायला गाडी पुन्हा काही दिवस नेहमीसारखी चालवावी लागते. या गाडीत जवळपास सगळ्याच तपासण्या अपूर्ण होत्या. म्हणजे एवढ्यातच कोणीतरी पुसलंय. तो म्हणाला बॅटरी बदलली म्हणून झालं असेल, आणि काका तुम्ही, मला अजून आठवतंय, शांतपणे म्हणालात की हो, त्याने पण होतं, खरंही असेल, मग असं करू, चार-आठ दिवस वापरा आणि आम्ही परत येऊन बघतो. तर लगेच संध्याकाळी दुसरी पार्टी टोकन घेऊन येणार होती!

तिथून निघाल्यावर मी चिडले होते, खोटं कशाला बोलू. तुमच्यावरच. इतकं सगळं बघून तुम्ही "घेऊ नकोस" असं एकदाही म्हणाला नाहीत, मी तीनदा विचारलं तरी "गाडी तुझी, पैसे तुझे" एवढंच. मला वाटत होतं कोणीतरी हो किंवा नाही सांगावं आणि मी सुटावं. रात्री झोप नाही आली, सकाळी उठून मीच त्याला नको म्हणून कळवलं.

आणि मग तुम्ही जे सांगितलंत त्यासाठी खरं हे पत्र आहे. मी म्हटलं काका मला गाड्यांतलं काहीच कळत नाही हो, तर तुम्ही म्हणालात मग हेच सांग की समोरच्याला. टॉर्क-बिर्क बोलू नकोस. सरळ म्हण, मला कळत नाही, म्हणून मी गाडी दाखवून घेणार, लिफ्टवर चढवून खालून पण बघणार, आणि मग त्या माणसाचं तोंड बघ. पुढच्या तीन ठिकाणी मी हे वाक्य जसंच्या तसं बोलले. एकजण म्हणाला, "विश्वास नाही का आमच्यावर?" दुसऱ्याने वेळच दिली नाही. आणि तिसऱ्या म्हणजे या राखाडी गाडीच्या बाई म्हणाल्या, दाखवा की, आणि हो, एसी चालू केला की आवाज येतो, आणि टायमिंग बेल्ट (इंजिनातले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) बदलायला आलाय, तो मी बदललेला नाही. मी काही विचारायच्या आत! नऊ वर्षांची गाडी, सगळी बिलं एका फायलीत ओळीने लावलेली.

या वेळी तुम्ही हात मागे बांधून लांब उभे राहिलात आणि सगळं मला करायला लावलंत. बॉनेट थंड. ऑइलची काडी पुसून परत बुडवून बघितली. किल्ली अर्धी फिरवून सगळे दिवे लागतात का आणि इंजिन चालू झाल्यावर विझतात का ते बघितलं, खास करून एअरबॅगचा, कारण तो लागलाच नाही तर कोणीतरी तो बंद करून ठेवला असू शकतो हे तुम्ही सांगितलं होतं आणि त्या रात्री मला त्याचंच स्वप्न पडलं होतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला, पुरात बुडालेल्या गाडीचा चिखल तिथे राहतो. टायरवरचे चार आकडे वाचले, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, आणि मीच शोधून काढलं की नक्षी चांगली दिसत असली तरी मागचे दोन टायर सात वर्षांचे आहेत, रबर कडक झालेलं. बेल्ट आणि टायर दोन्हीचा खर्च मी भावातून कमी करायला सांगितला, बाईंनी बेल्टचा पूर्ण आणि टायरचा अर्धा केला. वर्गात वीस वर्षं बाजार शिकवून पहिल्यांदा घासाघीस जमली मला.

मी विजयी चेहऱ्याने तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही एवढंच म्हणालात, "स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवली का?" नव्हती फिरवली. परत बसलो, डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण, खिडक्या खाली, रेडिओ बंद, पुढच्या चाकाकडून झिजलेल्या सांध्याची कट कट येते का ते ऐकत. नाही आली.

सहा महिने झाले. बेल्ट पहिल्याच आठवड्यात बदलला, कारण माझ्या गाडीच्या इंजिनात तो तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात हे तुम्ही सांगून ठेवलं होतं. तो काढलेला बेल्ट मी जपून ठेवलाय, आतून भेगा आहेत, तुम्हाला दाखवायचाय. आणि तुमचा टॉर्च माझ्याच गाडीत राहिलाय काका, तो द्यायला रविवारी येते. तेवढ्यात जमलं तर एक चक्कर मारा माझ्याबरोबर, स्पीडब्रेकरवरून जाताना डावीकडून पुढे बारीक टक् असं वाजतं. बहुतेक लिंक रॉडचं बुश असावं असं मला वाटतं, पण मी चूक पण असेन.

तुमची,
राखाडी गाडीवाली