वीज केंद्रे नव्हे, संच मोजा

महोदय,

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेनंतर ‘देशातली बहुतेक कोळशावरची वीज केंद्रे प्रदूषणाच्या नियमातून सुटली’ अशी वाक्ये बातम्यांत सर्रास येतात. हे वाक्य दोन ठिकाणी चुकते. नियम केंद्राला लागत नाही, संचाला, म्हणजे केंद्रातल्या बॉयलर आणि जनित्राच्या एकेका जोडीला लागतो. आणि सूट आहे ती फक्त सल्फर डायऑक्साइडपुरती. धूलिकण, नायट्रोजन ऑक्साइड्स आणि पारा यांच्या मर्यादा जिथल्या तिथे आहेत. त्यांच्या मुदतीही गटागटाने २०२२, २०२३ आणि २०२४ च्या ३१ डिसेंबरला संपल्या.

मूळ नियम ७ डिसेंबर २०१५ चा. त्यात संचाचे वय आणि क्षमता पाहतात. चंद्रपूरचे केंद्र घ्या: एकूण २९२० मेगावॅट. पण आत २१० मेगावॅटचे दोन आणि ५०० चे पाच संच आहेत. संच ३ ते ७ हे ३१ डिसेंबर २००३ पूर्वीचे, म्हणून त्यांना धूलिकणांची मर्यादा घनमीटरला १०० मिलिग्रॅम. ८ आणि ९ हे २०१६ मध्ये व्यावसायिक उत्पादनात आले, म्हणून त्यांना ५०. सल्फर डायऑक्साइडची विभागणी मात्र वयावर नाही, क्षमतेवर: २१० वाल्यांना ६००, ५०० वाल्यांना २००. म्हणजे एकाच कुंपणात तीन वेगवेगळे नियम. ‘चंद्रपूर नियमात बसते का’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारा माणूस कुठल्या तरी संचाबद्दल चुकीचे बोलतो आहे. १ जानेवारी २०१७ नंतरच्या संचांना तर क्षमता विचारायचीच नाही: धूलिकण ३०, गंधकवायू (सल्फर डायऑक्साइड) १००, नायट्रोजन ऑक्साइड्स १००.

दुसरी चाळणी जागेची, २०२१ पासूनची. दिल्लीचा राजधानी परिसर किंवा २०११ च्या जनगणनेनुसार दहा लाखांवर वस्तीचे शहर दहा किलोमीटरच्या आत असेल तर ए गट. अतिप्रदूषित क्षेत्र किंवा हवेचे मानक न गाठणारे शहर तेवढ्या अंतरात असेल तर बी. उरलेले सगळे सी, आणि या सी गटातच देशातले सुमारे ७८ टक्के संच आहेत. आताच्या अधिसूचनेत ए गटाला गंधकासाठी ३१ डिसेंबर २०२७ ची मुदत आहे, बी गटाचा निर्णय तज्ज्ञ समिती प्रत्येक प्रकरण पाहून घेणार, आणि सी गटाला सूट. तीही चिमणीच्या उंचीचा जुना निकष पाळला तरच: ५०० मेगावॅट व त्यावरील संचांना २७५ मीटर, २१० पासून ५०० च्या आतल्यांना २२० मीटर. (उंच चिमणीने गंधक कमी होत नाही, लांब जाते. चिमणीतला आकडा तोच राहतो.)

गट ठरवताना नकाशावर स्वतः वर्तुळ काढू नये. शहराची हद्द धरली की मध्य, केंद्राचे फाटक धरले की चिमणी, एवढ्यावरून दोन-चार किलोमीटर इकडेतिकडे होतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कृतिदलाने केलेल्या यादीतला गट तोच खरा.

सगळ्यात जास्त गफलत होते ती आकडे वाचताना. समजा २१० मेगावॅटच्या संचाचे यंत्र चिमणीत सल्फर डायऑक्साइड ५०० दाखवते. मर्यादा ६००, म्हणजे ठीक, असे वाटते. पण यंत्रातला आकडा पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असा असू शकतो. २५ अंश तापमानाला या वायूचा १ पीपीएम म्हणजे घनमीटरला २.६२ मिलिग्रॅम, म्हणजे झाले १३१०. त्यात मर्यादा आहे ती कोरड्या वायूत ६ टक्के ऑक्सिजन धरून. एअर प्रीहीटरच्या (बॉयलरला जाणारी हवा तापवणाऱ्या यंत्राच्या) गळतीतून बाहेरची हवा आत शिरते, चिमणीत ऑक्सिजन ८ टक्के भरतो आणि वायू पातळ दिसतो. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणून २१ मधून ६ वजा, भागिले २१ मधून ८ वजा, म्हणजे १५ भागिले १३ ने गुणायचे. उत्तर येते सुमारे १५१०. ठीक वाटणारा संच मर्यादेच्या अडीचपट निघाला.

हा आकडा कोळशावरूनही ताडता येतो. किलोला ४००० किलोकॅलरी उष्मांक आणि अर्धा टक्का गंधक असलेल्या एका किलो कोळशातून १० ग्रॅम सल्फर डायऑक्साइड निघतो आणि साधारण साडेसहा घनमीटर कोरडा धूर. भागाकार दीड हजाराच्या आसपास येतो. तेव्हा असा कोळसा जाळणारा, एफजीडी (धुरातला सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणारी यंत्रणा) नसलेला संच २०० किंवा ६०० दाखवत असेल, तर आधी यंत्राची तपासणी कधी झाली ते विचारावे.

आता ‘एफजीडी बसवले’ या शब्दाविषयी. निविदा निघाली, काम चालू आहे, उभारणी झाली आणि रोज चालते, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. बायपासची झडप उघडी असेल तर यंत्रणा उभी असून धूर थेट चिमणीत जातो. चालते की नाही हे ओळखायची साधी खूण जिप्सम, म्हणजे चुनखडीने वायू धुतल्यावर तयार होणारा पदार्थ. वरच्याच कोळशाचे ताशी ३०० टन जाळणाऱ्या ५०० मेगावॅटच्या संचातून ताशी तीन टन सल्फर डायऑक्साइड निघतो. त्यातला ९० टक्के धुवायचा तर ताशी साडेचार-पाच टन चुनखडी लागते आणि सात टनांवर जिप्सम निघते. दिवसाला दीडशे टनांहून जास्त माल लपत नाही. ट्रकच्या नोंदी मागाव्यात. डहाणू आणि ट्रॉम्बे इथे समुद्राच्या पाण्याने वायू धुतला जातो, तिथे अर्थातच हा हिशेब नाही.

आपल्या वृत्तपत्राने राज्यातल्या कोळसा संचांचा एक तक्ता छापावा आणि दर तिमाहीला सुधारावा, अशी विनंती आहे. स्तंभ इतकेच: संच क्रमांक, क्षमता, कार्यान्वित तारीख, गट, चारही प्रदूषकांची मर्यादा, ६ टक्के ऑक्सिजनवर आणलेले मोजमाप, एफजीडीची स्थिती, निवृत्तीची जाहीर तारीख. क्षमता आणि तारखा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अहवालांत मिळतात. मोजमाप प्रदूषण मंडळाकडून मागताना ऑक्सिजनचा स्तंभही सोबत मागावा. तो नसेल तर बाकीच्या आकड्यांची तुलनाच होत नाही.

– औष्णिक वीज क्षेत्रातील काही अभियंते