बाबा, सायकल पिक्चरमध्ये घेतली आहे

पुणे

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा 'हं' म्हणून आईकडे देतात, आणि आई 'जेवलीस का' विचारते. म्हणून पत्र. आई, तू मोठ्याने वाच. बाबांचे डोळ्यांतले थेंब अजून चालू आहेत, त्यांना चष्मा शोधायला लावू नकोस. मध्येमध्ये तुझं मत घालू नकोस, सगळं वाचून झाल्यावर घाल.

तर, सही करून आले. पटकथा घेतली त्यांनी. पैसे लावणारा माणूस मिळाला आहे आणि दिवाळी झाली की शूटिंग सुरू. नोकरी सोडलेली नाही, बिनपगारी रजा घेतली आहे (आई, हे वाक्य दोनदा वाच). ओवीची शाळा, डबा, क्लास सगळं लावून दिलं आहे. सासूबाई येऊन राहणार आहेत, आणि तुमचे जावई हल्ली वरणभाताचा कुकर न विचारता लावतात. घरच्या पैशाला हात लावलेला नाही. फ्लॅटचे हप्ते जसेच्या तसे जातील. तुमची एफडी मोडायची वेळ येणार नाही, आलीच तर मी आधी माझ्या बांगड्या मोडेन. आई, ओरडू नकोस, नाही मोडत.

गोष्ट कोणती ते बाबांना कळलं असेलच. केळीवाल्याची मुलगी, सालदाराचा (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा) मुलगा, बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष. आता लगेच उठून मळ्यात जाऊ नका, पुढचं ऐका.

गाव आपलं नाही. आडनाव आपलं नाही, घर आपलं नाही. यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याला एक गाव पाहिलं आहे, तिथे अजून मातीच्या छताची, धाब्याची घरं आहेत. आपल्या गल्लीत आता सगळीकडे स्लॅब, तिथे 1973 साल कुठून दाखवणार? पंचाईत होते आहे ती केळीच्या बागेची. जाल तिथे टिश्यू कल्चरची ग्रँड नैन आणि खाली ठिबकच्या नळ्या. नळ्या एकवेळ पानांखाली झाकता येतील, पण त्या काळी होती बसराई, बुटकी. पोरगा दंडातून चालला की त्याचं डोकं पानांच्या वर दिसायचं, असं आत्या सांगते. माडीच्या खिडकीतून ते डोकं कुठे चाललं आहे ते कळायचं म्हणे. बाबा, कोणाकडे हौसेने ठेवलेली बसराई असेल तर एवढं मला विचारून ठेवा. बाकी काही करायचं नाही तुम्ही.

हो, आत्याकडून ऐकलं सगळं. मी सुरतला तिच्याकडे जाऊन राहिले, तिनेच बोलावलं होतं. पूर्ण पटकथा तिने वाचली, जिथे नको वाटलं तिथे पेन्सिलीने काट मारली, आणि ते मी काढलं. तिच्या परवानगीशिवाय मी एक ओळसुद्धा ठेवली नसती, एवढं तुम्ही मला ओळखता.

तिने सुरुवात केली ती 'बॉबी'पासून. सप्टेंबर 1973 मध्ये तो मुंबईत लागला, आपल्याकडे यायला वेळ लागला असेल. तुम्ही सगळ्यांना गाडी जुंपून भुसावळला नेलंत. ऋषी कपूर तुमच्या वयाचा आणि डिंपल आत्याच्या, दोघींचा जन्म 1957 चा, हे ती अजून छाती फुगवून सांगते. गोष्टही काय, शेठच्या मुलाचं कोळ्याच्या मुलीवर प्रेम. आत्या आणि आजी वर बाल्कनीत, सालदाराचा सुकदेव खाली थर्ड क्लासात, पडद्याला मान लावून. एकच पिक्चर, एकच गाणी, मध्ये लाकडी कठडा. त्याच्याकडे शाळेचा एकच पांढरा सदरा होता आणि खिशाजवळ केळीच्या चिकाचा तपकिरी डाग. तो डाग कशाने जात नाही, तुम्हाला मी काय सांगू. इंटरव्हलला दिवे लागले तेव्हा त्याने टोपी काढून त्या डागावर धरली आणि मागे वळून वर पाहिलं. एवढंच घडलं. आत्या म्हणते, पिक्चरमध्ये पुढे काय झालं ते तिला दुसऱ्यांदा पाहीपर्यंत माहीतच नव्हतं.

माझ्या पिक्चरचा मधला सगळा भाग मी त्या कठड्यावर उभा केला आहे. शिव्या नाहीत, मारामारी नाही, कोणी कोणाला 'तुझी लायकी काय' म्हणत नाही. ओट्यावरच्या कोनाड्यात सालदाराचा वेगळा कप असतो, तो एकदा मुलगी आतल्या कपांत ठेवून देते, आणि आजी काही न बोलता तो परत कोनाड्यात ठेवते. आजीला वाईट दाखवलेलं नाही. ती काय, तिच्या सासूने ठेवला तिथे ठेवत होती.

शेवटावरून मात्र बरंच भांडण झालं. 'सैराट' आपण सगळे मिळून पाहायला गेलो होतो, आठवतं? 2016 चा मे, बाहेर भुसावळचं ऊन आणि आत माणसं जिन्यात बसलेली. अर्ची ट्रॅक्टर घेऊन येते तेव्हा बाबा एकटेच खळखळून हसले होते. आणि शेवटी, ते लहान बाळ, तो बंद पडलेला आवाज, सगळं थिएटर गप्प. बाबा खुर्चीतून उठेनात. आई, तू त्यांना 'पाणी पाहिजे का' विचारत राहिलीस. आमच्या पैसेवाल्यांना तसाच शेवट हवा होता. म्हणे लोक रडत बाहेर पडले तर पिक्चर चालतो. मंजुळेंनी करमाळ्याकडच्या मातीत जे दाखवलं ते त्यांचं आहे, खरं आहे, आणि ते पाहून मीही रडले. पण आमच्या गोष्टीत खून झालेला नाही. झाला नाही तो कोणामुळे, ते मला माहीत आहे.

बाबा, सायकलचं मला कळलं.

आजोबांना तुम्ही सायकल चोरीला गेली म्हणून सांगितलंत. हवा तुम्हीच भरून ठेवली होती आणि हँडलला भाकरीचं फडकं बांधलं होतं, हे आत्याने माडीवरून पाहिलं. मग पाकिटातून भुसावळच्या सायकल स्टँडचा पत्र्याचा बिल्ला आला. सोबत चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. ते पाकीट पोस्टमनकडून आत्यानेच घेतलं होतं. तुमच्या उशाशी तिनेच ठेवलं, तुम्हाला वाटलं आजीने ठेवलं. तुम्ही जाऊन सायकल आणलीत आणि पोलिसांना सापडली म्हणून सांगितलंत. लहानपणी तुम्ही मला तिच्याच दांड्यावर बसवून शाळेत सोडायचात, मी घंटी वाजवायची आणि तुम्ही समोरून येणाऱ्याला 'बाजू, बाजू, मॅडम येताहेत' म्हणायचात. तीच ती सायकल, आणि कधी एका शब्दाने बोलला नाहीत.

'बॉबी'च्या शेवटी दोन्ही बाप धबधब्यात उड्या मारून एकमेकांची पोरं बाहेर काढतात. परतताना गाडीत आजी म्हणाली होती म्हणे, "पिक्चरमधल्या बापाले पोहता येते." आत्या हे सांगून खूप हसली आणि मग बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

तर सायकल मी पिक्चरमध्ये घेतली आहे. तुम्हाला विचारलं असतं तर 'कशाला' म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही. थोरल्या भावाचं नाव वेगळं आहे, मिशा आहेत, तुम्हाला कधीच नव्हत्या. तो तुम्ही नाही. म्हणजे लोकांसाठी नाही. लोक म्हणतील काय, ही काळजी करायला आजोबाही आता नाहीत आणि त्यांच्या पंगतीतलं फारसं कोणीही नाही. अखजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी, साल अर्धवट सोडून सालदाराचं बिऱ्हाड का गेलं, हे गावात कोणी विचारत नाही आता. सालदारच कुठे मिळतात? पुढे बहिणीच्या लग्नात तो भाऊ मांडवाच्या खांबाला धरून नुसता उभा राहतो, तेही घेतलं आहे. त्यावर मी काही म्हटलेलं नाही. तेव्हा तुम्ही एकवीस-बावीसचे होतात, माझ्या ऑफिसातली त्या वयाची पोरं गॅस सिलिंडरसुद्धा स्वतः लावत नाहीत.

आणि आता ते, ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं. शूटिंगच्या दिवसांत आत्या येते आहे. बोली तपासायला ती मला हवी आहे, नटांच्या तोंडी पुस्तकी मराठी येऊ लागलं की ती लगेच पकडते. ती लॉजवर राहणार नाही, आपल्या घरी राहील. मी तिकीट काढलं आहे. ताप्ती गंगाने भुसावळला उतरेल, घ्यायला मी जाईन, तुम्ही यायचं नाही, स्टेशनच्या पायऱ्या आहेत. घरात आल्यावर मोठं काही बोलायची गरज नाही, 'आलीस?' म्हटलंत तरी पुरे. तेही नको असेल तर केळीच्या भावाबद्दल बोला, ती सुरतेत बसून रोज भाव विचारते.

आई, तिची खोली ओट्याकडची ठेव, तिचेही गुडघे तुझ्यासारखेच. कमोड मी बसवून घेते, गवंड्याशी बोलले आहे, त्याच्याशी घासाघीस करू नकोस. बाथरूममध्ये धरायला दांडा लावणार आहे आणि बाबांनी त्यावर टॉवेल वाळत घालायचा नाही. युनिटची गाडी, जनरेटर, माणसं, काही दारात येणार नाही. गडबड सगळी तिकडे पायथ्याला. बाबांची दुपारची झोप मोडणार नाही. बाबा, शूटिंग पाहायला यायचं तर सकाळी या, उन्हात नाही, आणि गोळी घेऊन या. साखरेचा रिपोर्ट मला फोटो काढून पाठवा, 'चांगला आहे' असा निरोप नको. आणि चुलीवरच्या भरताच्या पार्टीला जाल तेव्हा वांगं खा, भाकरी खा, तेलाची वाटी वरून ओतून घेऊ नका. मला सगळं कळतं.

आत्याने एवढंच मागितलं आहे, कळण्याची भाकरी आणि तुझ्या हातचा ठेचा. मांड्यांचा घाट घालू नकोस. घालशीलच, तर पुरण शेजारच्या काकूंकडून वाटून घे, पाट्याला हात लावायचा नाही.

ओवी विचारते, आजोबा पिक्चरमध्ये आहेत का. नाहीत म्हटलं.

तुमची
छबी

ता. क. – बाबा, सायकल माळ्यावरच आहे ना? शूटिंगला लागेल. तुम्ही काढायला चढू नका, मी पोरं पाठवते.